फरशीखालचं इन्सुलेशन कसं निवडायचं: थंड प्रदेशात नवं घर बांधणाऱ्यांसाठी

घर बांधून झाल्यावर खिडक्या बदलता येतात, माळ्यावर आणखी इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालता येतं, फर्नेस काढून हीट पंप बसवता येतो. तळाच्या काँक्रीटखाली मात्र जे गेलं ते गेलं. तिथे काही घालायचं राहिलं, तर ब्रेकर लावून अख्खी जमीन फोडण्यावाचून इलाज नसतो. म्हणूनच बिल्डरशी करार करण्याआधी हा विषय नीट समजून घ्यायला हवा. प्रत्यक्षात किचनच्या ओट्याचा दगड निवडायला आपण दोन शनिवार घालवतो आणि त्या ओट्याखालच्या जमिनीत काय आहे, हे विचारतसुद्धा नाही.

हा लेख मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ अशा कडक थंडीच्या भागात घर बांधून घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. उदाहरणं मिनियापोलिसच्या आसपासची घेतली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: सामान कोणतं, हा प्रश्न चौथा आहे. आधी पाणी, मग ऊब किती अडवायची, मग वजन, आणि त्यानंतर सामान. बिल्डरकडे आणि दुकानात मात्र सुरुवातच चौथ्या प्रश्नापासून होते, तीही फोमच्या, म्हणजे फुगवलेल्या प्लास्टिकच्या इन्सुलेशनच्या तक्त्यांच्या, रंगावरून.

मुळात गरज आहे का?

पुरेशा खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभर त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. मिनियापोलिसची सरासरी साधारण ८ अंश सेल्सियस, पुण्याची २५ च्या घरात. घरात आपल्याला २० ते २५ अंश हवे असतात. म्हणजे मिनियापोलिसची जमीन बारा महिने घराची ऊब ओढत असते आणि पुण्याची जमीन मे महिन्यात घराला गारवा पुरवत असते.

त्यामुळे पुण्यात, नागपुरात, रत्नागिरीत राहत्या घराच्या फरशीखाली फोम घालायच्या फंदात पडू नका. उन्हाळ्याच्या दुपारी फरशीवर आडवं पडण्याचं सुख जमिनीच्या त्या गारव्यामुळेच मिळतं. तिथली लढाई ओल आणि वाळवी यांच्याशी आहे. मुरूम भरून नीट चोपणं, सोलिंग, त्यावर पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट), ओल चढू नये म्हणून १००० गेजचा प्लास्टिकचा कागद आणि आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे वाळवीचा औषधोपचार, पैसे यावर खर्च करा. नाशिककडे द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज बांधत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे आतली हवा शून्याच्या आसपास आणि जमीन २५ अंशांवर, म्हणून जमिनीखाली इन्सुलेशन लागतंच.

अमेरिकेतही सगळीकडे एकच नियम नाही. ह्यूस्टनमध्ये साध्या, म्हणजे आत गरम पाण्याचे पाइप टाकून न तापवलेल्या, तळाच्या काँक्रीटखाली इन्सुलेशनची सक्ती नाही आणि तिथे ते फारसं कामालाही येत नाही. मिनियापोलिस ज्या हवामान विभागात येतं, त्या सहाव्या विभागात चित्र पार उलटं आहे.

एक गोष्ट इथल्या लोकांनी पक्की लक्षात ठेवावी. ऊर्जा कोडची (घराच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमांची) जमिनीच्या इन्सुलेशनची सक्ती मुख्यतः जमिनीच्या पातळीवरच्या काँक्रीटसाठी आणि तापवलेल्या जमिनीसाठी असते. सात-आठ फूट खोल बेसमेंटच्या साध्या जमिनीला बहुतेक ठिकाणी ती लागू होत नाही. म्हणून बिल्डर ‘कोडप्रमाणे सगळं केलंय’ असं छातीठोक सांगतो, ते खरंही असतं, आणि बेसमेंटच्या काँक्रीटखाली काहीही नसतं. तुम्ही मागितलं नाही तर ते येणार नाही.

बेसमेंटची जमीन नुसती थंड असते असंही नाही, ती ओली होते. जुलैच्या दमट दिवसांत इथे बाहेरच्या हवेचा दवबिंदू २० अंशांवर जातो. खाली उघडं काँक्रीट १६-१७ अंशांवर असतं. कोकणात दमट हवेत शहाबादी फरशीला जसा घाम सुटतो, तसाच तो इथे काँक्रीटला सुटतो. फरक इतकाच की इथे त्यावर कार्पेट असतं, म्हणून पाणी दिसत नाही, नुसता कुबट वास येतो. भारतातून येणाऱ्या आईवडिलांची खोली, मुलांची खेळायची जागा, तबल्याचा रियाज, गणपतीतली पंगत, हे सगळं आपल्या लोकांच्या घरात बेसमेंटलाच होतं. काँक्रीटखाली इन्सुलेशन असलं की त्याचं तापमान खोलीच्या जवळ येतं आणि घाम सुटण्याचं मूळ कारणच जातं. गॅसच्या बिलापेक्षा मला हा फायदा मोठा वाटतो.

पायरी पहिली: पाणी

कोणतंही इन्सुलेशन पाण्यात उभं राहिलं की कमजोर होतं. जाहिरातीत कोणी काहीही म्हणो. म्हणून प्लॉटवर खोदाई झाली की स्वतः जाऊन बघा. खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपतंय का? माती चिकण आहे की वाळूची? शेजारच्या घरात सम्प पंप (तळाला साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) आहे का आणि वसंतात बर्फ वितळताना तो किती चालतो? शेजाऱ्याला थेट विचारा, लोक आनंदाने सांगतात.

फोमच्या खाली किमान चार इंच स्वच्छ खडी हवी. स्वच्छ म्हणजे पाऊण इंची आणि बारीक चुरा नसलेली. चुरा असला की त्यातून पाणी वर चढतं. नुसत्या खडीत मोकळ्या जागा इतक्या मोठ्या असतात की पाणी चढूच शकत नाही, खालीच राहतं आणि पाइपातून सम्पकडे जातं. काही ठिकाणी खडीऐवजी वाळू टाकून पैसे वाचवले जातात. तसं करू देऊ नका. हीच खडी पुढे रेडॉन या मातीतून येणाऱ्या वायूसाठीही लागणार आहे.

पाण्याची सोय नीट झाली की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

पायरी दुसरी: आर-व्हॅल्यू किती?

आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद. जितकी जास्त तितकी चांगली. कॅनडात मेट्रिक आरएसआय वापरतात, त्याला ५.६८ ने गुणलं की अमेरिकन आर येतो.

एक हिशेब करून बघू. १००० चौरस फुटांची जमीन, आत गरम पाण्याचे पाइप टाकून तापवलेली, काँक्रीट ८० अंश फॅरनहाइट, खालची माती ५० अंश. फरक ३० अंशांचा. आर-१० असेल तर तासाला १००० × ३० ÷ १० = ३००० बीटीयू (उष्णतेचं एकक) खाली जातात. आर-२० असेल तर १५००. इथला हिवाळा साधारण २०० दिवस, म्हणजे ४८०० तास धरला, तर हा १५०० बीटीयूंचा फरक ७२ लाख बीटीयू होतो, म्हणजे ७२ थर्म गॅस (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू). आता आर-२० वरून आर-४० वर जा: वाचतात फक्त ३६ थर्म, आणि फोम मात्र दुप्पट लागतो. खालची माती हळूहळू थोडी कोमट होते, म्हणून खरे आकडे याहून कमी येतील. पण प्रमाण हेच राहील: पहिले चार-पाच इंच भरपूर काम करतात, नंतरचे कमी.

यावरून माझी शिफारस अशी. साध्या, न तापवलेल्या बेसमेंटसाठी आर-१० पुरे. उत्तर अमेरिकेतले बरेच जाणकार घरासाठी १०-२०-४०-६० असं सूत्र सांगतात: जमिनीखाली १०, बेसमेंटच्या भिंतीला २०, वरच्या भिंतींना ४०, छताला ६०. ते शहाणपणाचं आहे. तापवलेली जमीन असेल तर आर-२०. जमिनीच्या पातळीवर बांधलेल्या, बेसमेंट नसलेल्या घराला साध्या जमिनीतही आर-१५ ते २० द्यावा असं मी म्हणेन. पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर) बांधत असाल तर तुमचा सल्लागार गणित करून देईल. ते अंदाजाने ठरवायचं काम नाही.

पायरी तिसरी: वजन

‘घराचं एवढं वजन फोमवर?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पण घराचं वजन भिंती आणि खांबांमधून फुटिंगवर, म्हणजे त्यांच्याखालच्या पायावर, जातं, फुटिंग वेगळं असतं. फोमवर येतं ते फक्त जमिनीचं काँक्रीट आणि त्यावरची माणसं, सामान.

चार इंची काँक्रीटचं वजन चौरस फुटाला ५० पौंड. त्यावर राहत्या घरासाठी धरतात ते ४० पौंड. एकूण ९०. चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणजे दाब झाला ०.६३ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). ग्रंथालयाच्या कपाटांसाठी १५० पौंड धरतात, तेवढं वजन ठेवलंत तरी एकूण दीड पीएसआयच्या आत. आणि बांधकामाचा ईपीएस (थर्माकोलचा फोम, ताकदीप्रमाणे त्याचे ‘टाइप’ ठरतात) घेतला, तर त्यातला हलका टाइप वनसुद्धा फक्त १ टक्का दबायला ३.६ पीएसआय मागतो. टाइप टूला ७.३ आणि टाइप नाइनला १०.९ लागतात.

इथे एक फसगत होते. पाकिटावर छापलेला आकडा, टाइप टूसाठी १५ पीएसआय, टाइप नाइनसाठी २५, हा फोम १० टक्के दबल्यावरचा असतो. कायमच्या वजनासाठी तो धरायचा नाही. १ टक्क्याचा आकडा धरा, किंवा छापील आकड्याचा एक तृतीयांश. तसं धरूनही राहत्या खोलीत भरपूर वाव उरतो. तेव्हा विक्रेता ‘सेफ्टीसाठी’ ४० किंवा ६० पीएसआयचा फोम गळ्यात मारू लागला तर नम्रपणे नाही म्हणा.

गॅरेजचं गणित वेगळं. गाडीच्या एका चाकावर साधारण १००० पौंड. टायर सहा बाय पाच इंचांवर टेकतो, चार इंची काँक्रीट ते वजन सगळीकडून चार-चार इंच पसरवतं, म्हणजे खाली १४ बाय १३ इंच जागा. १००० भागिले १८२ म्हणजे साडेपाच पीएसआय. टाइप टू काठावर पास होतो. गॅरेजला सरळ टाइप नाइन घाला.

आतले खांब, मातीवर टेकणारी चिमणी, कोणतीही भार घेणारी भिंत यांच्याखाली मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय कसलाही फोम जाऊ देऊ नका.

पायरी चौथी: सामान

ईपीएस. म्हणजे आपला थर्माकोल. नाव ऐकून नाक मुरडू नका. मखराचा थर्माकोल बोटाने दाबला की खड्डा पडतो. टाइप नाइनची घनता घनमीटरला २९ किलोच्या आसपास असते, त्यावर बूट घालून चालता येतं. इंचाला आर-४ (टाइप टू) ते ४.२ (टाइप नाइन). फुगवायला पेंटेन वायू वापरतात. तो पुढे निघून जातो आणि त्याच्या जागी हवा येते, त्यामुळे वीस वर्षांनीही आर-व्हॅल्यू आज आहे तीच राहते. सगळ्यात स्वस्त. माझी पहिली पसंती हीच.

करड्या रंगाचा जीपीएस हा त्याचाच भाऊ. दाण्यांत ग्रॅफाइट असतं, ते किरणांनी जाणारी उष्णता अडवतं. इंचाला आर-४.७ च्या आसपास मिळतो. खोली कमी असेल, किंवा दर ईपीएसच्या जवळ असेल, तर बिनधास्त घ्या. फक्त साइटवर उन्हात उघडा ठेवू नये. गडद रंगामुळे तो तापतो आणि वाकतो.

एक्सपीएस म्हणजे होम डेपोत दिसणारे गुलाबी, निळे, हिरवे गुळगुळीत तक्ते. इंचाला आर-५. बिल्डरांचा लाडका, कारण दोन इंचात आर-१० चा हिशेब सुटसुटीत बसतो. सामान चांगलं आहे, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ती आर-५ थोडीफार आत कोंडलेल्या वायूची कमाई असते. वर्षानुवर्षं तो हळूहळू निसटतो आणि आकडा खाली येतो. दुसरी गोष्ट पर्यावरणाची. यात पूर्वी फुगवायला एचएफसी-१३४ए हा वायू वापरत. तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट पृथ्वी तापवतो. कॅनडाने २०२१ पासून फोममध्ये १५० पटींपेक्षा जास्त तापवणारे वायू बंद केले, अमेरिकेत तोच नियम २०२५ पासून आला. नवे तक्ते बरेच सुधारले आहेत. तरी पुरवठादाराला तक्ता कधीचा, कोणत्या वायूने फुगवलेला, हे विचारा. गोदामातला जुना माल स्वस्तात विकला जातो.

पाण्याच्या बाबतीत कोण सरस, यावर ईपीएसवाले आणि एक्सपीएसवाले वर्षानुवर्षं भांडत आहेत. प्रयोगशाळेच्या चाचणीत एक्सपीएस स्पष्ट जिंकतो: २४ तास बुडवून ठेवल्यावर पाणी ०.३ टक्के, ईपीएस २ ते ४ टक्के. पण इथेच सेंट पॉलमध्ये एका इमारतीच्या भिंतीबाहेर १५ वर्षं मातीत शेजारी शेजारी असलेले दोन्ही फोम उकरून तपासले, तेव्हा ईपीएसमध्ये ४.८ टक्के पाणी निघालं आणि एक्सपीएसमध्ये १८.९ टक्के. ही तपासणी ईपीएस उद्योगाने पुढे आणलेली आहे, हे सांगायला हवं. उलट अलास्कात रस्त्यांखालून काढलेल्या नमुन्यांत एक्सपीएस वरचढ ठरला. मी यातून इतकंच घेतो: ओल्या मातीत दोघंही पाणी पितात, निचरा झालेल्या खडीवर दोघंही नीट राहतात. म्हणून पहिली पायरी पाण्याची ठेवली.

फोम नकोच असेल तर दोन पर्याय आहेत. दाट मिनरल वूलचे तक्ते, इंचाला आर-४. पाणी त्यातून वाहून जातं, ते जळत नाही. पण ते फोमपेक्षा जास्त दबतं, तेव्हा काँक्रीटखाली वापरायची परवानगी उत्पादक लेखी देतो का ते आधी पाहा. दुसरा पर्याय मला मनापासून आवडतो: फोम ग्लासची खडी. टाकाऊ काच फुगवून केलेले हलके, राखाडी तुकडे. हातात घेतला तर दगड असावा असं दिसतं आणि उचलल्यावर वजनच लागत नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड, स्कँडिनेव्हियात हे बऱ्याच वर्षांपासून वापरतात, आता व्हर्मांटमध्येही बनतं. इंचाला आर-१.७ च्या आसपास, म्हणजे आर-२० साठी दाबून घट्ट केलेला सुमारे फूटभर थर. पण हा थर खडीचंही काम करतो, म्हणून तुलना करताना ‘खडी अधिक फोम’ यांच्या एकत्रित किमतीशी करा. त्यात जास्तीची खोदाई आणि वाहतूक धरा. कारखान्यापासून लांब असलात तर गणित वाहतुकीवरच फसतं.

आता नको असलेल्यांची नावं. पॉलिआयसो (आणखी एक प्रकारचा फोम) छतावर उत्तम, जमिनीखाली नाही. ते पाणी शोषतं. आणि चंदेरी बुडबुड्यांचा कागद, म्हणजे दोन बाजूंना फॉइल आणि मध्ये बबल रॅप, हा काँक्रीटखाली घालायला अजूनही विकला जातो. विकणारा कधी आर-१० सुद्धा सांगतो. चमकदार पृष्ठभाग उष्णता परतवतो ते समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. काँक्रीट त्याला चिकटलं की चमक निरुपयोगी. उरतो तो पाव इंचाचा बबल रॅप, त्याचा आर जेमतेम १. तापवलेल्या जमिनीखाली कोणी हे सुचवलं तर तो माणूस बाकी कामातही तपासून घ्या.

छतावरून काढलेला जुना फोमही अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो. वापरायला हरकत नाही, पण तो कोरडा आहे का हे वजनावरून पाहा आणि जुन्या पॉलिस्टायरिनमध्ये (ईपीएस, एक्सपीएस दोन्ही त्याचेच) एचबीसीडी हे आगरोधक रसायन असू शकतं हे माहीत असू द्या. २०१३ मध्ये ते घातक, टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. तक्ते कापताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, तुकडे उघड्यावर जाळू नका.

लेबल वाचा

अमेरिकेत तक्त्यावर एएसटीएम सी५७८ हा मानकाचा क्रमांक आणि टाइपचा रोमन आकडा छापलेला असतो. तो नसेल तर तक्ता परत पाठवा. पॅकिंगच्या फोमचे तक्ते दिसायला अगदी तसेच असतात. कॅनडात मानक वेगळं आहे, सीएएन/यूएलसी एस७०१, आणि टाइपचे आकडेही जुळत नाहीत. तिथे टाइप सोडून थेट पीएसआय किंवा किलोपास्कल वाचा.

करारात ‘जमिनीखाली इन्सुलेशन’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘ईपीएस, एएसटीएम सी५७८ टाइप टू, एकूण जाडी अडीच इंच, सगळ्या जमिनीखाली, कडेला उभा तुकडा दोन इंची.’ अडीच इंचात आर-१०, पाच इंचात आर-२०. ‘सगळ्या जमिनीखाली’ हे शब्द महत्त्वाचे, कारण काही ठिकाणी फक्त कडेने चार फूट घालून मधला भाग सोडतात.

कड विसरू नका

आर-२० खाली घालून कड उघडी सोडली तर निम्मे पैसे वाया. काँक्रीटची कड जिथे बाहेरच्या भिंतीला किंवा फाउंडेशनला टेकते, तिथे पलीकडे १० अंशांची माती नसते, जानेवारीची उणे २० ची हवा असते. बेसमेंट नसलेल्या घरात सकाळी भिंतीलगत अनवाणी उभं राहा, पायाला कळतं.

कडेला उभा दोन इंची तुकडा लावतात, काँक्रीट आणि फाउंडेशन यांच्या मध्ये. अडचण अशी की वरून दोन इंचांची फोमची पट्टी दिसते आणि तिच्यावर कार्पेटची पट्टी ठोकता येत नाही. उपाय कोडनेच दिलाय: वरचं टोक ४५ अंशांत तिरकं कापा, म्हणजे काँक्रीट भिंतीपर्यंत पोचतं आणि खाली फोम राहतो. सुतारकाम करणाऱ्याला हे आधी दाखवा, नाहीतर तो वरची कड छाटून टाकतो.

मिनेसोटात फुटिंग दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल घ्यावं लागतं, कारण तिथवर जमीन गोठते. जमिनीखालच्या इन्सुलेशनमुळे घराची ऊब मातीत जाणं कमी होतं, म्हणजे फुटिंगजवळची माती जास्त थंड राहते. खोल फुटिंगला त्याचा त्रास नाही. उथळ फाउंडेशन करत असाल तर बाहेरून आडवं इन्सुलेशन किती आणि कुठवर, हे इंजिनिअरनेच ठरवायचं.

टेक्सास, जॉर्जिया, कॅरोलायनाकडच्या वाचकांसाठी: वाळवीचा जोर फार असलेल्या भागात कोड बाहेरच्या बाजूने जमिनीत फोम लावू देत नाही. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदे करून लाकडापर्यंत सहज पोचते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्लास्टिक आणि रेडॉन

क्रम असा: माती, खडी, फोम, प्लास्टिक, काँक्रीट. प्लास्टिक फोमच्या वर, थेट काँक्रीटला लागून. जुने काँक्रीटवाले प्लास्टिकवर दोन इंच वाळू टाकायचा आग्रह धरतात, म्हणजे काँक्रीटचं पाणी खाली मुरेल आणि फिनिशिंग लवकर होईल. ते होतं खरं, पण ओतताना किंवा पावसात त्या वाळूत मुरलेलं पाणी प्लास्टिकवर अडकतं आणि मग वर्षभर लाकडी फरशीतून वर येत राहतं. ठाम नाही म्हणा. त्याऐवजी काँक्रीटमध्ये पाणी कमी ठेवायला सांगा आणि वरून आठवडाभर ओलं ठेवून क्युअरिंग करा, म्हणजे कडा वर उचलल्या जात नाहीत.

प्लास्टिक १० मिल, म्हणजे आपलं १००० गेज, हे किमान. मी १५ मिल घ्यायला सांगतो, एएसटीएम ई१७४५ छापलेलं. सळईच्या टोकांनी ते फाटत नाही आणि एकूण खर्चात फरक फार नाही. जोड किमान सहा इंच एकावर एक, टेपने बंद. पाइप जिथून वर येतात तिथे खास काळजी.

ही काळजी नुसती ओलीसाठी नाही. रेडॉन हा मातीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे, वास नाही, रंग नाही, आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं ते मोठं कारण आहे. मिनेसोटात दर पाचांतल्या दोन घरांत तो ४ पिकोक्युरी प्रति लिटर या मर्यादेच्या वर सापडतो. म्हणून २००९ पासून इथे नव्या घरात खडीतून छतापर्यंत पाइप घालणं सक्तीचं आहे. खडी, पाइप आणि बंद प्लास्टिक हे तिन्ही मिळून काम करतात. फोमला यात काही भूमिका नाही. फोमच्या फटी बुजवल्या की रेडॉन थांबेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

ओतण्याआधीचा दिवस

या दिवशी रजा काढा. काँक्रीटचा ट्रक आला की कोणाला थांबवता येत नाही.

खडी प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून सपाट केलेली असावी. तक्त्याच्या एका कोपऱ्यावर उभं राहा. दुसरा कोपरा उचलला गेला तर खाली पोकळी आहे, खडी सारखी करून घ्या. डुगडुगणारा तक्ता काँक्रीटच्या वजनाखाली मोडतो. जाडी दोन थरांत घाला, अडीच इंचासाठी दीड आणि एक, आणि वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ देऊ नका. पाइपांभोवतीच्या फटी कॅनमधल्या फोमने भरा. हजार चौरस फुटांना चार बाय आठचे ३२ तक्ते एका थराला लागतात. काटछाटीसाठी दोन-तीन जास्त मागवा.

प्लास्टिक अंथरल्यावर त्यावर ढकलगाडी न्यायची असेल तर प्लायवूड टाकून न्या. सळईखाली टेकू लावताना रुंद बुडाचे घ्या, अणकुचीदार पायांचे प्लास्टिक भोसकतात. जमिनीत गरम पाण्याचे पाइप असतील तर ते फोमला स्टेपल करण्यापेक्षा जाळीला बांधा. प्रत्येक स्टेपल म्हणजे प्लास्टिकला दोन भोकं. पाइपांत हवा भरून प्रेशर गेज जोडलेलं असावं आणि काँक्रीट ओतून होईपर्यंत ते तसंच राहावं. कोणाच्या फावड्याने पाइप कापला तर काटा लगेच खाली येतो आणि ओल्या काँक्रीटमध्येच दुरुस्ती होते.

फोटो काढा, भरपूर. प्रत्येक भिंतीलगत टेप मोजपट्टी धरून फोमची जाडी, कडेचा तुकडा, लेबल, पाइपांच्या जागा. पुढे बेसमेंटला दुसरं बाथरूम करायचं ठरलं तर कुठे फोडायचं हे याच फोटोंवरून कळतं.

घर आधीच बांधलेलं असेल तर

तर इन्सुलेशन काँक्रीटच्या वर घालायचं. आधी रेडॉनची चाचणी करा. जास्त निघाला तर आधी त्याचा बंदोबस्त. मग ओल पाहा: दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने काँक्रीटला चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपटलं तर आधी बाहेरचा निचरा, पन्हाळी आणि घराभोवतीचा उतार सुधारा.

कोरडं असेल तर प्लास्टिक, त्यावर एक ते दोन इंच एक्सपीएस (इथे उंची मोलाची, म्हणून आर-५ चा फायदा घ्यावा), त्यावर अर्ध्या इंची प्लायवूडचे दोन थर, सांधे उलटसुलट, एकमेकांना स्क्रूने जोडलेले आणि काँक्रीटला न ठोकता नुसते ठेवलेले. भिंतीपाशी अर्धा इंच जागा सोडा.

काम सुरू करण्याआधी जिन्याची सगळ्यात खालची पायरी मोजा. दोन इंच फोम आणि एक इंच प्लायवूड आला की ती पायरी तीन इंचांनी बुटकी होते. कोडप्रमाणे एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचाहून जास्त फरक चालत नाही, आणि रोजच्या सवयीने उतरणारा माणूस तिथेच अडखळतो. जिना बदलायचा नसेल तर जिन्यासमोरचा भाग तसाच ठेवून इन्सुलेशन पुढे सुरू करा. दारं खालून कापावी लागतील, त्यांचाही खर्च आधीच धरून ठेवा.